एक्सफॅटची भीती सोडा, ‘इजेक्ट’ मात्र विसरू नका

संपादक महोदय,

शाळांच्या संगणक प्रयोगशाळा, वाचनालये, पंचायतींची कार्यालये आणि लग्नामुंजीचे चित्रीकरण करणारे स्टुडिओ अशा बऱ्याच ठिकाणी गोव्यात आज विंडोज, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) आणि मॅक शेजारी शेजारी नांदताना दिसतात. यंत्रे बदलली, पण पेनड्राइव्हच्या बाबतीत मिळणारा सल्ला जुनाच आहे: ‘लिनक्सवर उघडायचा असेल तर फॅट३२ मध्ये फॉरमॅट मारून आणा.’ फॅट३२ ही ड्राइव्हवर फाइली मांडण्याची जुनी रचना (फाइल सिस्टिम), एक्सफॅट ही त्यानंतरची. हा सल्ला एके काळी रास्त होता. त्यामागे तांत्रिक अडचण कमी आणि पेटंटची धास्ती जास्त होती. ती धास्ती २०१९ साली संपली, सल्ला मात्र अजून चालूच आहे. विद्यार्थी, शिक्षक आणि छोटे व्यावसायिक त्यापायी विनाकारण वेळ आणि पैसा घालवतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

फॅट३२ मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबी, तीही एक बाइट कमी. शिगम्याच्या चित्ररथांचे किंवा एखाद्या नाट्यप्रयोगाचे चित्रीकरण सेकंदाला ५० मेगाबिट या वेगाने केले, तर ही मर्यादा साडेअकरा मिनिटांत गाठली जाते. १०० मेगाबिटला पावणेसहा मिनिटेसुद्धा पुरत नाहीत. संपादन करून तयार झालेली दोन तासांची एकसंध फाइल तर अशा पेनड्राइव्हवर बसणारच नाही. ड्राइव्हवर ४० जीबी जागा मोकळी दिसत असते आणि विंडोज सांगते की फाइल फार मोठी आहे. मग पेनड्राइव्हच खराब म्हणून ग्राहक दुकानात जातो, नवा घेऊन येतो आणि दुकानदाराने सवयीने तोही फॅट३२ करून दिलेला असला की पुन्हा तीच रड.

आता पेटंटच्या भानगडीकडे वळू. विंडोज ९५ पासून फाइलला लांब नाव देण्याची सोय आली. जुन्या आठ-अधिक-तीन अक्षरांच्या नावाबरोबर हे लांब नावही साठवण्याच्या पद्धतीवर मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत पेटंट घेतले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये याच पेटंटांचा आधार घेऊन, इतर काही पेटंटांबरोबर, कंपनीने टॉमटॉम या दिशादर्शक यंत्रे बनवणाऱ्या डच कंपनीवर दावा ठोकला. टॉमटॉमच्या यंत्रात लिनक्स होते. मार्चअखेरीस तडजोड झाली; टॉमटॉमने पैसे द्यायचे आणि फॅटच्या दोन पेटंटांशी संबंधित सोय दोन वर्षांत काढून टाकायची असे ठरले. त्या दाव्याचा निकाल लागलाच नाही, पण लिनक्स वापरून उपकरणे बनवणाऱ्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. लांब नावांची ती पेटंटे आता मुदत संपून निकालात निघाली आहेत, म्हणजे फॅट३२ बद्दल तरी कोणाची हरकत उरलेली नाही.

एक्सफॅटची गोष्ट जास्त चिवट. मायक्रोसॉफ्टने ही रचना २००६ मध्ये आणली आणि २००९ मध्ये ३२ जीबीपेक्षा मोठ्या एसडीएक्ससी मेमरी कार्डांसाठी तीच प्रमाण ठरली. दुकानात मिळणारे ६४ जीबीचे कार्ड म्हणूनच मुळात एक्सफॅट असते. अख्ख्या जगाच्या कॅमेऱ्यांचे प्रमाण एका कंपनीच्या पेटंटावर उभे करण्याचा हा निर्णय, आमच्या मते, मुळातच चुकला होता. लिनक्सचे कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली दिले जाते. पेटंटामुळे पुढच्याला मुक्तपणे वाटता येत नसेल, तर तो प्रोग्राम अजिबात वाटू नका, असे त्या परवान्याचे सातवे कलम सांगते. मायक्रोसॉफ्टचा सशुल्क परवाना आणि हे कलम एकत्र नांदणे शक्यच नव्हते. परिणामी एक्सफॅटचा ड्रायव्हर, म्हणजे ती रचना वाचणारा भाग, कर्नलमध्ये आला नाही. तो बाहेरून, फ्यूझ या कर्नलबाहेरच्या सोयीमार्गे, प्रत्येकाला आपापल्या जबाबदारीवर टाकावा लागे. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराने तर तो आपल्या अधिकृत भांडारात ठेवलाच नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्ट ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क या संस्थेची सभासद झाली आणि साठ हजार पेटंटे सोबत आणल्याचे तिने जाहीर केले. ही संस्था आयबीएम, नोव्हेल, फिलिप्स, रेड हॅट आणि सोनी यांनी २००५ मध्ये स्थापन केली. तिचा करार साधा आहे: ‘लिनक्स सिस्टिम’ या नावाखाली जे प्रोग्राम यादीत आहेत, त्यांच्यावर सभासदांनी एकमेकांविरुद्ध पेटंट चालवायचे नाही. सगळी मेख त्या यादीत आहे. २०१८ मध्ये एक्सफॅट यादीत नव्हते, म्हणून साठ हजारांचा गाजावाजा होऊनही पेनड्राइव्हवाल्यांच्या पदरात काही पडले नाही. २८ ऑगस्ट २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटचे संपूर्ण तांत्रिक विवरण खुले केले आणि ते यादीत घेण्यास पाठिंबा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लिनक्स ५.४ मध्ये कच्चा ड्रायव्हर आला, मे २०२० मध्ये ५.७ मध्ये सॅमसंगने लिहिलेला पक्का ड्रायव्हर आला आणि २०२१ मध्ये संस्थेने एक्सफॅट यादीत समाविष्ट केले. पेनड्राइव्ह वापरणाऱ्या शाळेला किंवा स्टुडिओला यासाठी कोणताही करार करावा लागत नाही, कुठे नाव नोंदवावे लागत नाही.

पण ‘एक्सफॅट आता मुक्त झाले’ असे सरसकट म्हणणेही चूक ठरेल. मोकळीक लिनक्सपुरती आहे. वेर्णा औद्योगिक वसाहतीतला एखादा उद्योग लिनक्सवर चालणारे उपकरण बनवत असेल, तर त्याने संस्थेचा करार जरूर करावा. छोट्या कंपनीला त्याचे शुल्क पडत नाही. तोच उद्योग लिनक्सऐवजी छोट्या मायक्रोकंट्रोलरवर एक्सफॅट वाचणारा प्रोग्राम चढवून माल परदेशी पाठवणार असेल, तर हे कवच त्याला लागू होत नाही. अशा उपकरणांत सर्रास वापरली जाणारी फॅटएफएस ही लायब्ररी (तयार प्रोग्रामांचा संच) एक्सफॅटची सोय मुळात बंद ठेवूनच येते, ती याच कारणासाठी. भारतात पेटंट कायद्याच्या ३(के) कलमानुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, हे खरे. मात्र पेटंट ज्या त्या देशापुरते असते. माल अमेरिकेत उतरला की तिथला कायदा लागतो.

शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवणाऱ्यांना याचाच एक फटका बसतो. आर्डुइनो या शिकाऊ इलेक्ट्रॉनिक्स बोर्डाची नेहमीची एसडी लायब्ररी फक्त फॅट१६ आणि फॅट३२ वाचते. ६४ जीबीचे कार्ड स्वस्त मिळाले म्हणून घेतले की ‘कार्ड सुरू होत नाही’ अशी तक्रार येते, आणि मुले तास संपेपर्यंत वायरी तपासत बसतात. अशा कामासाठी ८ किंवा १६ जीबीचे एसडीएचसी (फॅट३२ असलेले) कार्डच मागवावे. सभागृहातला जुना टीव्ही, गाडीतला म्युझिक सिस्टिम यांचेही तेच. निर्मात्याने एक्सफॅटचा परवाना घेतलेला नसला, तर ड्राइव्ह लावूनही त्यावर काही दिसणार नाही. त्यांच्यासाठी एक लहान फॅट३२ पेनड्राइव्ह बाजूला ठेवावा. बाकी सगळीकडे एक्सफॅट.

फॉरमॅट शक्यतो विंडोजवरच करावे. ड्राइव्हवर उजवी क्लिक, फॉरमॅट, फाइल सिस्टिममध्ये एक्सफॅट. त्याखालचा ‘अलोकेशन युनिट साइज’ हा रकाना कोणी बघत नाही, आणि तिथेच जागा वाया जाते. ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोज आपणहून १२८ केबीचा कप्पा ठरवते. फाइल ५ केबीची असली तरी ती पूर्ण कप्पा अडवते. दहा हजार गुणपत्रिका, प्रत्येकी ५ केबी, म्हणजे खरा मजकूर ५० एमबी. ड्राइव्हवर त्या सव्वा जीबीच्या आसपास जागा खातात. कागदपत्रांसाठीच्या ड्राइव्हला ३२ केबी निवडावे, व्हिडिओसाठी १२८ ठीक आहे. नव्या पेनड्राइव्हवर एकदा तरी ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे, वेळ लागतो, पण खराब जागा तेव्हाच कळते. ऑनलाइन मिळणारे दोन टीबीचे नवलाईचे पेनड्राइव्ह यात कधीकधी उघडे पडतात, पण हमखास नव्हे.

मॅकवर करायचेच झाले तर डिस्क युटिलिटीत आधी ‘शो ऑल डिव्हाइसेस’ चालू करून वरचे मूळ उपकरण निवडावे आणि स्कीम म्हणून ‘मास्टर बूट रेकॉर्ड’ घ्यावी. ‘जीयूआयडी’ घेतल्यास मॅक सुरुवातीला २०० एमबीचा स्वतःचा वेगळा भाग पाडते, आणि पुष्कळ टीव्ही त्या भागापाशीच अडून बसतात.

उबुंटू २२.०४ किंवा डेबियन ११ (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) पासून पुढे एक्सफॅट वाचायला-लिहायला वेगळे काही टाकावे लागत नाही. फॉरमॅट आणि दुरुस्तीसाठी एक्सफॅटप्रॉग्ज हे पॅकेज तेवढे घ्यावे. एक्सफॅटमध्ये मालक, गट, परवानगी असले काही नसते. प्रयोगशाळेत कायम जोडलेली डिस्क असेल, तर कोणाला लिहिता येईल हे एफएसटॅब फाइलमध्ये यूआयडी, जीआयडी आणि यूमास्क (वापरकर्ता, गट आणि परवानगी यांचे आकडे) देऊनच ठरवावे लागते. त्याच ओळीत ‘नोफेल’ लिहावे, नाहीतर ज्या दिवशी डिस्क जोडलेली नसेल त्या दिवशी यंत्र सुरू होताना अडकते. विद्यार्थ्यांची होम फोल्डरे, गिटची (प्रोग्रामच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाची) भांडारे, लिनक्सचा पूर्ण बॅकअप हे एक्सफॅटवर ठेवूच नये. परवानग्या आणि सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) तिथे टिकत नाहीत.

मराठीत फाइलची नावे देणाऱ्यांनी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. एक्सफॅट आणि एनटीएफएस (विंडोजची नेहमीची रचना) फाइलच्या नावाला २५५ चिन्हे देतात. लिनक्सचे ईएक्सटी४ देते २५५ बाइट, आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तिथे ३ बाइट घेते. म्हणजे मोजून ८५ चिन्हे. काना, मात्रा, हलन्त यांची गणती स्वतंत्र चिन्हे म्हणून होते. ‘कार्यक्रम’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा, यंत्राला तो ९ चिन्हांचा आणि २७ बाइटांचा. ‘वार्षिक स्नेहसंमेलन उद्घाटन सोहळा प्रमुख पाहुणे मनोगत’ या थाटाच्या नावाला वर्ष, शाळेचे आणि गावाचे नाव जोडले की फाइल पेनड्राइव्हवर सुखाने राहते, पण लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये उतरत नाही. फाइल बिघडलेली नसते. नाव छोटे केले की काम होते. उलट दिशेने, लिनक्सवर नावात विसर्गचिन्हासारखे दोन टिंब किंवा प्रश्नचिन्ह चालते, एक्सफॅटवर नाही. ‘सभा १०:३०’ असे नाव म्हणूनच नाकारले जाते. ‘१०.३०’ लिहावे.

आता एक्सफॅटचा खरा दुबळेपणा. एनटीएफएस आणि ईएक्सटी४ आपल्या फाइल सिस्टिमच्या नोंदींमधले बदल करण्याआधी ते एका वहीत टिपून ठेवतात. एक्सफॅटला अशी वही नाही. लिहिणे अर्ध्यावर असताना तार निघाली की फोल्डरची नोंद आणि जागेचा हिशेब यांचा मेळ तुटतो. लिनक्सवर कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली तरी मजकूर काही काळ मेमरीतच असतो आणि मागाहून हळूहळू ड्राइव्हवर उतरतो. मंद पेनड्राइव्हला मोठ्या फाइलीनंतर यात काही मिनिटेही जातात. म्हणून इजेक्ट दाबायचे आणि ‘आता काढता येईल’ असे येईपर्यंत थांबायचे. जून-जुलैत आपल्याकडे पहिल्या गडगडाटाला वीज जाते; यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपला कायमची जोडलेली एक्सफॅट डिस्क म्हणजे नुकसानीला आमंत्रण. तिथे ईएक्सटी४ किंवा एनटीएफएस हवे. एक्सफॅट फक्त ने-आण करण्यापुरते.

तरीही बिघाड झालाच, तर विंडोज विचारते, ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायचे का?’ इथे ‘कॅन्सल’. आधी ड्राइव्ह लिनक्सवर लावून पाहावा, पुष्कळदा तो तिथे उघडतो आणि फाइली उतरवून घेता येतात. त्यानंतरच विंडोजवर चेकडिस्क ‘/एफ’सह किंवा लिनक्सवर एफएससीके डॉट एक्सफॅट चालवावे. हाच क्रम ठेवावा, कारण दुरुस्ती करणारा प्रोग्राम हिशेब जुळवण्यासाठी प्रसंगी फाइली कापतो. काहीच उघडत नसेल तर फोटोरेक हे मुक्त साधन फोटो आणि व्हिडिओ हुडकून काढते, मात्र नावे आणि फोल्डर परत मिळत नाहीत. वाचवलेला माल त्याच ड्राइव्हवर कधीही उतरवू नये.

एकाच यंत्रावर विंडोज आणि उबुंटू दोन्ही असतील तर तक्रार वेगळी येते: विंडोजचा डी ड्राइव्ह लिनक्समधून दिसतो, पण लिहू देत नाही, किंवा उघडतच नाही. दोष बहुधा ‘फास्ट स्टार्टअप’चा असतो. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे पूर्ण बंद होणे नव्हे. विंडोज आपला गाभा डिस्कवर झोपवते आणि ड्राइव्ह वापरात असल्याची खूण तशीच ठेवते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करावी. तातडी असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाउन करावे. जबरदस्तीने लिहायला लावणारे उपाय इंटरनेटवर पैशाला पासरी सापडतात, त्यांच्या नादी लागू नये. मॅक मात्र एनटीएफएस फक्त वाचते. तिथे फास्ट स्टार्टअप बंद करून काही साधत नाही.

एका इमारतीतल्या यंत्रांसाठी पेनड्राइव्ह फिरवण्याची खरे तर गरजच नाही. एका जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि सांबा (विंडोजच्या पद्धतीने नेटवर्कवर फाइली वाटणारा मुक्त प्रोग्राम) टाकले की तीच सगळ्यांची सामायिक डिस्क होते. आतली डिस्क ईएक्सटी४ असली तरी विंडोजला आणि मॅकला त्याने काही फरक पडत नाही. इथेही पेटंटचा प्रश्न होताच. मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या युरोपीय आयोगाच्या खटल्यानंतर डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या बाजूने एकरकमी दहा हजार युरो भरून मायक्रोसॉफ्टची तांत्रिक कागदपत्रे मिळवली गेली. कोणती पेटंटे आड येऊ शकतात त्यांची यादीही करारात जोडलेली होती, म्हणजे नेमके काय टाळायचे ते कळले. आजची अडचण निराळीच आहे: विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती, प्रो आणि एज्युकेशन प्रकारांत, बिनपासवर्डाचा ‘गेस्ट’ प्रवेश नाकारते. राउटरला पेनड्राइव्ह खोचून चालवलेले सामायिक फोल्डर त्यामुळे अचानक दिसेनासे होते. विंडोजची ही सुरक्षा बंद करण्यापेक्षा सांबात प्रत्येकाचा पासवर्ड नोंदवावा. लिनक्सचा लॉगिन पासवर्ड तिथे आपोआप चालत नाही, तो वेगळा द्यावा लागतो, आणि निम्म्या तक्रारी एवढ्याच कारणाने येतात.

शिक्षण खात्याला आणि माहिती तंत्रज्ञान खात्याला एक विनंती. शाळांसाठी पेनड्राइव्ह, मेमरी कार्डे किंवा टीव्ही घेताना निविदेत क्षमता आणि किंमत एवढेच लिहून भागणार नाही. टीव्ही व प्रोजेक्टरसाठी ‘एक्सफॅट आणि फॅट३२ दोन्ही वाचता आले पाहिजे’, रोबोटिक्सच्या कार्डांसाठी ‘एसडीएचसी, १६ जीबीपर्यंत’ आणि सामायिक डिस्क बॉक्ससाठी ‘एसएमबी ३ (नेटवर्कवर फाइली वाटण्याची विंडोजची पद्धत), वापरकर्तानिहाय पासवर्डासह’ अशा अटी घालाव्यात. माल ताब्यात घेताना ५ जीबीची एक फाइल आणि देवनागरी नावाचे एक फोल्डर विंडोजवरून उतरवून उबुंटूवर उघडून पाहावे. या चाचणीला अर्धा तासही लागत नाही, आणि पुरवठादाराचे बिल ती झाल्यावरच मंजूर व्हावे.

आपला,
एक संगणक तंत्रज्ञ, फोंडा